दवाखाना साठ नारळांवर

बोटी यायच्या बंद झाल्या त्या वर्षी
बुगनव्हिल बेटावर आधी मीठ संपलं,
मग साबण, मग हिवतापाच्या गोळ्या.
डिझेल कधी संपलं ते कळलंच नाही.
गाड्या जिथल्या तिथे थांबल्या
आणि बॉनेटखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

अलोयसियस मामा मात्र दर रविवारी, प्रार्थना झाली की,
लँडक्रूझरच्या पोटात डोकं घालून बसायचा.
खाणीत डंपर दुरुस्त करायचा तो;
खाण बंद पडली तेव्हा पाने तेवढे घरी घेऊन आला.
म्हणायचा, इंजिनाचं सोवळं-ओवळं काही नसतं,
दाबल्यावर जे पेटतं ते त्याला चालतं.

झाडं आईच्या कुळाची.
इथे जमीन बाईकडून बाईकडे जाते,
म्हणून थोरल्या मावशीला विचारलं.
ती म्हणाली, घ्या. पडलेले घ्या, वर चढू नका.

मग सगळं गाव खवणीवर बसलं.
पंधरा नारळांचं एक लिटर.
किसायचं, पिळायचं, रात्रभर ठेवायचं,
वरची साय कढवत राहायची
तडतड थांबेपर्यंत.
तडतड म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे पंपाचं मरण.
शेवटी चर्चच्या जुन्या पडद्याच्या चौपदरी कापडातून गाळायचं.
जेवायला उकडलेलं रताळं, नुसतं.
तेल? म्हणून विचारलं
की मामा टाकीकडे बोट दाखवायचा.

एका लिटरवर, डोंगरातल्या रस्त्याने, सहा किलोमीटर.
त्यामुळे आमची अंतरं बदलली.
शाळा पाच नारळांवर.
नदीचा उतार, वीस.
मिशनचा दवाखाना साठ नारळांवर,
आणि परत यायचं असेल तर एकशेवीस.

पर्पेटुआताईला कळा सुरू झाल्या त्या रात्री
डोंगर गारठला होता.
मामाने औषधाच्या बाटलीत राखलेलं डिझेल,
चहाच्या कपाएवढं,
अत्तर लावावं तसं इंजिनाला दिलं.
ते खाकरलं, मग धरलं.
मग कॉक फिरवून खोबरेल.

वीस नारळ गेलो. नदीपाशी बंद.
मामाने अंधारात फिल्टर खोलला, आत बोट घातलं.
गोठलंय, म्हणाला.
पांढरं, घट्ट,
आई बोटाने खरवडून डोक्याला लावते तसं.
मागे माणूस यायला निघालाय
आणि पुढे तेल झोपलंय.

करवंट्यांचा जाळ केला.
तेलाचा डबा शेजारी ठेवला
आणि फिल्टर धरला जाळावर
भाकरीसारखा, उलटून-पालटून.
अर्धा तास गेला.
भाचा त्याच्या आधीच आला, मागे, रिकाम्या पोत्यांवर.
थोरल्या मावशीने डबा ओढला, कोमट झाला होता,
ओंजळीने तेल घेत
त्याला टाळूपासून टाचेपर्यंत चोळलं.
मामा बघत राहिला.
अर्धा लिटर, म्हणाला. तीन किलोमीटर.
कोणीतरी हसलं. बहुतेक ताईच.

तिचं रक्त थांबत नव्हतं, म्हणून पुढे गेलोच.
पहाटे मिशनच्या फाटकात शिरलो
तेव्हा आमच्या धुराला खोबरं भाजल्याचा वास होता,
आणि ओसरीतल्या सगळ्या उपाशी खाटांनी
एकदम माना वर केल्या.

पुढे बोटी आल्या.
मामाने पहिल्याच आठवड्यात डिझेल भरलं.
खोबरेलाचं कौतुक कोणी काढलं की अजून चिडतो:
नोझलवर कोळसा धरायचा,
खरवडून खरवडून माझी नखं गेली,
कौतुक कसलं करता.

भाचा आता सव्वीसचा.
परवा त्याने सहज विचारलं,
जुना दवाखाना आपल्यापासून किती लांब होता?
ताई रताळी सोलत होती. मान वर न करता म्हणाली,
साठ नारळ.

साडेसदुसष्ट, मामा बाहेरून ओरडला.
तुझ्या अंगाला लावलं ते धर.