दुसऱ्या कार्बनावर

मे महिना. अमळनेरला पारा पंचेचाळीसवर,
आणि आम्हाला हवे होते उणे अठ्ठ्याहत्तर.
कोरडा बर्फ नाशिकच्या अलीकडे मिळेना,
म्हणून उखाभाऊ बाविस्कर
गुरांच्या दवाखान्यातून द्रव नायट्रोजन आणायचे:
जर्सी वळूंचं वीर्य ज्यात गोठवून ठेवतात
त्याच पिंपातला, दोन लिटर, उसना.
लुनावर दोन गुडघ्यांत किटली धरून
धुळे रस्त्याने पांढरी वाफ सोडत यायचे.
टपरीवरचे ओरडायचे, भाऊ, दूध उतू चाललं.

फिरके मॅडम कमी बोलत.
सकाळी सहाला त्यांनी टायटॅनियमला
चार इथिल जोडले, थेंब थेंब.
नळीत काहीतरी जमलं, हळदीच्या पाण्यासारखं.
मी श्वासही बेताने घेतला.
साडेनऊला किटली कोरडी.
"सरी गया, ताई," उखाभाऊ म्हणाले,
आणि पिवळ्याचं काळं झालं,
टेबलावरचा चहा अजून गरम होता.

वहीत मी लिहिलं: धातू-कार्बन बंध दुबळा.
गाईडमध्येही तसंच छापलेलं.
मॅडमनी ओळ खोडली नाही,
"दुबळा" या शब्दाखाली नख ओढलं फक्त.
मोजलास?

मोजणाऱ्यांनी मोजलेला होता.
तक्त्यात आकडा होता, चांगला दणकट.
मग तुटला कसा?
तो ओढून तोडलाच नव्हता कोणी.
धातूला धरून बसलेला कार्बन आपल्या जागी,
त्याच्या पलीकडे दुसरा कार्बन,
त्या दुसऱ्याच्या अंगावर एक हायड्रोजन,
आणि धातूच्या कुशीत एक रिकामी जागा.
हायड्रोजन वाकला.
वाकला, टेकला, धातूचा झाला.
मागे राहिलेले दोघे कार्बन
एकमेकांना दुहेरी धरून
इथिलीन होऊन निघून गेले, बुडबुड्यांतून.

(रावेरकडे बंद खोलीत केळी पिकवतात
तो हाच वायू.
तिथे हिरव्याचं पिवळं करतो.)

पुढच्या खेपेला मॅडमनी निओपेंटिल घेतलं.
दुसऱ्या कार्बनावर तीन मिथिल, खेटून,
हायड्रोजन एकही नाही.
वाकायला कोणी नाही,
आणि त्या गर्दीत टेकायलाही जागा नाही.
टायटॅनियम तेच. बंध त्याच जातीचा.
नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं
आणि ठेवली तशीच, पत्र्याखालच्या टेबलावर.
दुपारी अडीच. पंखा बंद.
भिंतीवर त्रेचाळीस.
स्फटिक पिवळे ते पिवळेच.

परीक्षेत नेमका हा प्रश्न आला, पाच गुणांना.
मी दुसऱ्या कार्बनाबद्दल दोन पानं लिहिली.
दीड मिळाला.

पण त्या दुपारी उखाभाऊ
गुडघ्यांवर हात ठेवून नळीकडे बघत राहिले,
नाकाच्या शेंड्याला घामाचा थेंब.
"म्हंजे गाठ कच्ची नव्हती," म्हणाले,
"वाट मोकयी व्हती."
मॅडम पहिल्यांदा हसल्या.
मग उखाभाऊंनी किटली उचलली,
परत द्यायला निघाले.
तिकडे वळूंचं काम खोळंबलं होतं.