म्हाकुलाची भाषा

पुस्तक इंग्रजी येणाऱ्यांसाठी लिहिलेलं.
त्यात म्हटलंय: टी म्हणताना हवा सोडू नका,
जीभ दातांमागे टेकवा, आरशासमोर सराव करा.
मिरकरवाड्याच्या जेटीवर उलट्या क्रेटवर बसलेले
इस्माईल होडेकर हसतात,
"मयेकरांच्या पोरी, हा तर तुझा त.
तोमाते म्हण. झालं.
साहेब जो वर्षभर घोकतो
तो तू पाळण्यात शिकलीस."

मग ञ निघाला.
बालवाडीच्या तक्त्यावर त्याच्यापुढे चित्रच नव्हतं,
बाई म्हणायच्या, पुढे चला.
तिकडे वर्ष मोजायला तोच लागतो: आञो.
"नाकात नाही घेतलास
तर वय सांगताना सव्वीस बोचे सांगशील,"
चाचा म्हणाले जरा मोठ्यानेच,
आणि कोलंबी सोलणाऱ्या बाया
आठवडाभर मला वय विचारत राहिल्या.

ह लिहायचा, उच्चारायचा नाही.
म्हणून भेटल्यावर ओला.
माझे हात तर पहाटे चारपासून तेच म्हणतायत.

पेरो म्हणजे पण.
र शिडासारखा फडफडत राहिला की कुत्रा.
परवा विगोच्या गिऱ्हाइकाला मी फोनवर सांगितलं:
म्हाकूल तयार आहे, कुत्रा कंटेनर नाही.
तो हसला नाही.
थांबून, हळू, एकदाच म्हणाला, पेरो.
चांगला माणूस असावा.

पाण्यातला मासा पेथ, टोपलीतला पेस्कादो.
हे सोपं, आमचं मासा आणि म्हावरं.
"आणि जाळ्यात असताना, चाचा?"
"जाळं ओढताना बोलतं कोण?"

पण 'आहे' दोन आहेत.
एक टिकणारं, एक बदलणारं, असं पुस्तक म्हणतं.
मग मेलेल्याला बदलणारं का?
चाचांनी विडी विझवली, मिऱ्याच्या डोंगराकडे पाहिलं.
"असेल त्यांना काही ठाऊक."

मालक पळाला, जहाज विगोत अडकलं,
सोळा महिने पगार नाही,
तिथल्या जाळी विणणाऱ्या बायकांनी
भाकरीबरोबर चाचांना भाषा दिली.
म्हणून त्यांच्या स्पॅनिशमध्ये
शिव्या आणि गाठींची नावं जास्त.

काल मी त्यांच्या घरी एस्पेरार घेऊन गेले.
पुस्तकात अर्थ दोन: वाट पाहणे. आशा करणे.
कुठला कधी लावायचा?
चाचा म्हणाले, मला नको विचारू.
आत खैरुनचाची बांगडे साफ करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"दोन कशाला?
मी तर सोळा महिने एकच काम केलं."
आणि चाचांना,
"मीठ संपलंय, सांगितलं होतं."

ते चपला शोधायला लागले.
मी वहीत दुसरा अर्थ खोडला,
मग पहिलाही,
आणि विळीचा आवाज ऐकत
तशीच बसले.