ओठ मिटलेले, दात सुटे

राजारामपुरी, सातवी गल्ली, दुसरा मजला.
बागवान डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा आत घातला
आणि म्हणाल्या, "पोतदार, दाढा झिजल्यात तुमच्या.
रात्रभर काय दळता ओ?"
मी काय सांगणार.
तोंडात त्यांची दोन बोटं होती.

चाळीस वर्षं गुजरीत ओठांत फुंकणी धरली,
साजाच्या पानांना डाग दिले,
बेलपान, कासव, मासा, भुंगा.
श्वास नाकानं घ्यायचा, गालात साठवायचा,
ज्योत हलता कामा नये.
म्हटलं, त्यानंच असेल.
"फुंकणीनं गाल दुखतील," त्या म्हणाल्या,
"दाढा कशानं झिजतील?"

सोन्याची झीज झारेकरी धुळीतून वेचून नेतो.
दातांची कोण वेचणार.

माझ्या पाटासमोर, अडीच हातांवर,
धाकटा भाऊ बसतो, मुरलीधर.
आईच्या पाटल्या मुशीत गेल्या त्या दिवसापासून
अकरा वर्षं एक शब्द नाही.
कुणी वितळवल्या, ते दोघांनाही माहीत आहे.
त्याला चिमटा हवा असला की तो पोऱ्याला सांगतो,
मला टाकणखार हवा असला की मीही पोऱ्यालाच.
लोक म्हणतात, पोतदारांनी मूग गिळले.
गिळले असते तर पचले तरी असते.
मी ते दाढेखाली धरून बसलो.

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली नाही,
माझाच हात धरून गालावर ठेवला.
एकदा दात आवळा. गोटी उठते ना, ती.
आता सोडा.
दोन बोटं तिथं. दाबू नका, टेकवा.
गोल फिरवा, घाई कुणाला आहे?
मग कानापुढून हनुवटीकडं उतरत या,
तोंड उघडेल तेवढंच उघडू द्या.
जिभेचं टोक वर, टाळूला.
"आणि दिवसभर ध्यानात एवढंच ठेवायचं बघा,
ओठ मिटलेले, दात सुटे."

घरी कोमट पाण्यात पंचा पिळून गालांना लावला.
बायको म्हणाली, हळद लावली तेव्हासुद्धा
इतके गुमान बसला नव्हता.

ह्या बोटांनी गुंजभर वजन नुसतं उचलून ओळखलंय,
केसाएवढा जोड अंधारात चाचपलाय,
आणि स्वतःच्याच तोंडाचा हा कोपरा
त्यांना आज गावला.
कडक. ठोकून ठोकून ताठलेला पत्रा.
सोन्याच्या बाबतीत हे ठाऊक होतं की मला,
फार ठोकलं की धातू हट्टाला पेटतो,
आणखी मारलं तर चीर जाते,
तेव्हा हातोडी बाजूला ठेवायची,
तावायचं,
निवू द्यायचं.

पहिले चार दिवस काही नाही.
पाचव्या दिवशी दुपारी,
महाद्वाराकडची गर्दी पांगलेली,
पोऱ्या चहा सांगायला गेलेला,
पंख्याखाली बोटं फिरवत बसलो होतो.
कानाजवळ टक् झालं.
आणि आली.
जांभई.
डोळ्यांत पाणी आणणारी,
गंजक्या बिजागरीसारखी करकरत,
पडजिभेपर्यंत उजेड गेला असेल.
तोंड मिटून बघतो तर
अडीच हातांवर मुरलीधर
हातात फुंकणी धरून आ वासलेला.

जांभई काही भाऊबंदकी मानत नाही.

त्यानं ज्योत बारीक केली.
दाराकडं पाहिलं.
मग दोन बोटं आपल्या गालावर ठेवली,
माझं बघून,
चुकीच्या जागी, फारच वर.

तोंड अजून सैलच होतं माझं.
"खाली," म्हणालो,
"वाईच खाली."