मधलवाडीची गिरणी

भूगोलाचे महालिंगअप्पा सर
नकाशावर अंगठा टेकवायचे
आणि एक अख्खा देश झाकून जायचा.
म्हणायचे, हा कुणाच्याच फौजेत नाही.
भांडणारे दमले की
ह्याच्या टेबलाशी येऊन बसतात.

मी विचारलं, सर, भित्रा आहे का तो?
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
खडूचा हात धोतराला पुसत म्हणाले,
संध्याकाळी दळण घेऊन जातोस ना?
तिथं बघ जरा.

दळण म्हणजे हुरमतबीची गिरणी.
थोरली करजगी, धाकटी करजगी, आणि मधे
तावरजेच्या काठाला चौदा उंबऱ्यांची आमची वाडी.
एस.टी. थांबायची ती
ड्रायव्हरला तहान लागली तरच.
पण दहा हॉर्सपॉवरची मोटर होती,
आणि पट्ट्याची फटफट
दोन्ही गावांना ऐकू जायची.

डबे ओळीनं. ज्याचा आधी, त्याचा आधी.
पाटलाचा पितळी असो
की तेलाचा कापलेला पत्र्याचा.
काठ्या दाराबाहेर.
"जात्याला गाव नसतंय," ती म्हणायची
आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या पदरानं
पुढचा डबा ओढायची.

त्या वर्षी पाझर तलावाच्या दारावरून
दोन्ही करजग्यांत डोकी फुटली.
रात्री थोरलीची माणसं आली :
त्यांचं दळायचं नाही.
पहाटे धाकटीची : त्यांचं दळायचं नाही.
"दाणा आला की दळणार,"
दोघांना तिनं एकच सांगितलं,
आणि दोघंही म्हणाले,
म्हणजे तू त्यांच्याकडची.

मग सदतीस दिवस डबाच आला नाही.
(हे सरांनी सांगितलं नव्हतं.)
मधे उभं राहणाऱ्याला
दोन्हीकडून ऊन लागतं.
कुणीतरी पट्टा कापून नेला.
हुरमतबीनं कानातलं मोडलं,
औशाहून नवा पट्टा आणला,
आणि रोज दिवेलागणीला
वरचं जातं उचलून धरून
मोटर चालू करायची. पाच मिनिटं.
नुसता आवाज.
चालू आहे, एवढं कळावं म्हणून.

बायका आधी आल्या.
कोरड्या पात्रातून, अंधार पडल्यावर,
थोरलीच्या चार, धाकटीच्या तीन.
केवळबाईच्या लेकीचं बाळंतपण होतं,
बाळंतिणीला भाकरी लागते,
तलावाचं दार उघडं असो की बंद.
मागून पुरुष आले, बायकांना न्यायला म्हणून,
आणि वीज गेली.
दोन तास पोत्यांवर बसून राहिले सगळे.
पहिल्यांदा कुणी खोकलं.
मग कुणीतरी तंबाखू पुढं केली,
अंधारात कुणाचा हात, कळलं नाही.

मिटलं म्हणता येणार नाही.
दावा अजून औशाच्या कोर्टात आहे.
तारखेला दोन्हीकडचे एकाच जीपमधून जातात,
कारण जीप एकच आहे, हुरमतबीच्या धाकट्याची.
परतीला मागच्या सीटवर भांडतात,
आणि भाडं निम्मं-निम्मं देतात.

पहिल्याचं पीठ थोडं दुसऱ्याच्या डब्यात जातंच.
जात्यात राहिलेलं असतं,
कितीही ठोकलं तरी.

पुष्कळ वर्षांनी मी तिलाही विचारलं :
तेव्हा भीती वाटायची का?

"लई," ती म्हणाली,
आणि पुढचा डबा ओढला.