खुंट

काटोलच्या नर्सरीतून कलम आणलं
स्कूटीवर, दोन पायांच्या मधात उभं करून.
फेटरीजवळ गतिरोधकावर पिशवी फाटली,
सांडलेली माती मी ओढणीत बांधून घेतली.

नर्सरीवाले उपासराव म्हणाले होते,
"खाली जंबेरी, वर संत्र्याचा डोळा.
सांधा मातीत गाडू नका.
अन् सांध्याखालून फुटलं की मोडायचं, बाई,
दया करायची नाही. चोर असते ते."

चार वर्षं मोडत राहिले,
अंगठ्यानं, सकाळी, दूध तापेपर्यंत.
पाचव्या वर्षी लेकीचं बाळंतपण पुण्याला,
एप्रिल ते जून.
पाणी टाकतो म्हणालेल्या पोट्ट्यानं
टाकलं असेल, नसेल.
पारा सेहेचाळीसवर होता.

परतले तर वरचं संत्रं नुसती काडी.
आणि खालून हात हात लांब फांद्या,
काटे दाभणाएवढे,
पानं इतकी गर्द
की फाटक चुकलं की काय वाटावं.

शेजारचे डोंगरे म्हणाले,
"उपटून टाका न. काहून ठेवता?
जंबेरी कोण खाते?"
सब्बलही त्यांनीच आणून दिली.
ती भिंतीला टेकून राहिली. गंजली.
मला कामं होती.
एकदा उचललीही होती,
पण आधी पान चुरडलं, उगाच,
आणि दिवसभर हात धुवावासा वाटला नाही.

दीड-दोन वर्षांनी अकरा फळं.
खडबडीत, गालगुंड झाल्यासारखी.
पहिली फोड जिभेवर ठेवली
आणि डावा डोळा आपोआप मिटला.
नऊंचं लोणचं घातलं.
एक तर्री-पोह्यांवर पिळलं, रविवारी.
डोंगरे रिकामी वाटी घेऊन आले,
सब्बलीकडे पाठ करून बसले.

डिसेंबरात गल्लीत संत्र्याचा ठेला येतो.
दोन किलो घेते, भाव करून,
आणि त्याच झाडाखाली बसून सोलते.
साली, शिरा, बिया तिथंच पडतात.
गोड असतात, खोटं कशाला बोलू.
पण ह्याला आपण फक्त पाय म्हणून आणलं होतं.
तुला स्वतःला काय येतं,
हे कधी विचारलंच नाही.

काल बुंध्याशी नवा कोंब दिसला.
अंगठा सवयीनं गेला.
तिथंच थांबला.
आत दूध उतू गेलं.