सातशे वीस तास

ल्वीवमधल्या तळघरात झेनोविया बाई
वाटाण्याएवढी गोळी चिमट्यात धरतात.
गॅडोलिनियम, निकेल, इंडियम. वजन एक ग्रॅम,
वर दोन मिलिग्रॅम इंडियम, ठिणगीत उडून जाणाऱ्याचं.
किती उडेल ते त्यांच्या हाताला ठाऊक.

आर्गॉनमध्ये चार वेळा वितळवली,
चार वेळा उलटली, धिरडं उलटावं तशी.
"मिश्रधातू म्हणू नकोस," त्या मार्कियानला दटावतात.
"मिश्रणात जो तो मिळेल तिथे टेकतो.
हे संयुग आहे. इथे पंगत मांडलेली,
ज्याचा त्याचा पाट ठरलेला.
पाट चुकला की गुण गेला."

गुण तसा साधा:
चुंबकात ढकला, गोळी किंचित तापते.
तेवढी ऊब काढून घ्या,
मग चुंबक दूर करा:
आधीपेक्षा गार.
ना वायू, ना कॉम्प्रेसरची घरघर.
कधीतरी अशा गोळ्यांच्या जिवावर
लसींची पेटी थंड राहील,
हायड्रोजनचं पाणी होईल.
"कधीतरी" हा शब्द बाई
अर्जात तीनदा लिहितात, दोनदा खोडतात.

पण आधी क्वार्ट्झच्या नळीत सीलबंद,
सहाशे अंशांवर, सातशे वीस तास.
अणूंना आपापला पाट सापडायला
इतका वेळ लागतोच.

पाचशे अकराव्या तासाला वीज गेली.
वेळापत्रकात त्या दिवशी जायची नव्हती.
जनरेटर पलीकडच्या प्रसूतिगृहाला दिलेला;
तो परत मागायचा नाही, हे न बोलता ठरलेलं.
मार्कियानने भट्टीला आपला कोट गुंडाळला.
बाई हसल्या, "आत सहाशे अंश, आणि तुझा कोट!"
मग स्वतःची शालही दिली.

बाहेर बर्फ.
तळघरात ऊबदार जागा एकच.
पहाटेपर्यंत दोघं भट्टीला पाठ लावून बसले,
जे राखायचं होतं
तेच थोडं थोडं वापरत.

मार्चमध्ये क्ष-किरणांच्या आलेखात
एक बारकी रेघ जास्तीची निघाली,
कुठल्याच तक्त्यात नसलेली.
मळ असेल. नसेलही.
बाईंनी वहीत लिहिलं:
तास पाचशे अकरा.
नंतर अंधार, नऊ तास चाळीस मिनिटं.
पुन्हा करून पाहणे.

"पण तस्साच अंधार आणायचा कुठून?"
मार्कियान विचारतो.

मान वर न करता बाई
भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे
चिमटा रोखतात.