परत आल्याची वेळ

आराखडा मंजूर झाला मागच्या उन्हाळ्यात.
सहा प्रकरणं, दोन परिशिष्टं.
विषय: पुणे शहरातील भाड्याच्या सायकलींची दुकानं,
एकोणीसशे पन्नास ते ऐंशी.
समितीतले एक सर चष्मा पुसत म्हणाले,
"सायकली? बरं. पण गृहीतक काय?"
मी म्हणाले, चाकं फिरली तशी माणसंही कुठं कुठं गेली असणार.
त्यांनी ते टिपून घेतलं नाही.

हिरवे मॅडम म्हणाल्या, आधी वेळापत्रक कर.
केलं. कॉटच्या डोक्याशी भिंतीला चिकटवलं.
जूनमध्ये साधनं, ऑगस्टात मुलाखती,
दिवाळीपर्यंत प्रकरण दोन.
दिवाळीपर्यंत त्या कागदावर
डबेवाल्या मावशींचा नंबर आला,
सिलिंडरचा हिशेब आला,
कोपऱ्यात रूममेटनं काढलेली मांजर आली.
प्रकरण दोन नाही आलं.

गंज पेठेत इस्माईल आतार भेटले, वय एक्क्याऐंशी.
दुकानात आता नातू मोबाइलची कव्हरं विकतो.
माळ्यावरून त्यांनी वह्या काढून दिल्या,
लाल कापडी पाठीच्या, अकरा.
झटकल्या तर अख्खं दशक नाकात गेलं.
नाव. पत्ता. सायकल नंबर.
नेल्याची वेळ. परत आल्याची वेळ. पैसे.
बस्स.
एवढ्यावर मला साडेतीनशे पानं उभी करायची होती.

जयकर ग्रंथालयात पंख्याखाली बसून मोजत राहिले.
शनिवारी दुपारी मागणी जास्त,
परीक्षा आल्या की कमी.
एकसष्टच्या जुलैत बारा दिवस कोरे
आणि मग एकच ओळ: नऊ नंबर गाळात.
तक्ते झाले, आलेख झाले.
मॅडमनी समासात पेन्सिलनं लिहिलं,
"मग? यातून काय दिसतं?"
तिसऱ्यांदा.

घरून फोन: झालं का गं?
होत आलंय, म्हणाले.
होत आलंय म्हणायला मला चार वर्षं झाली.

आठव्या वहीत, एकाहत्तरच्या ऑक्टोबरात,
कु. मंदाकिनी पासलकर, नाना पेठ.
(नाव मी इथं बदललंय.
सायकलचा नंबर नाही बदलला, तेवढा राहू दे.)
सतरा नंबर, लेडीज.
नेल्याची वेळ: सकाळी सहा दहा.
परत आल्याची वेळ:
पैसे: दोन रुपये, वेगळ्या शाईत.

मी बोट ठेवलं तिथं. आतार म्हणाले, चहा घ्या.
चहा संपल्यावर म्हणाले,
"सायकल मिळाली. स्टेशनच्या स्टँडवर, कुलूप लावलेली.
किल्ली आठ दिवसांनी पोस्टानं आली, पाकिटात नोट."
"कुठून आलं पाकीट?"
"शिक्का वाचला नाही मी."
"पुसट होता?"
"चांगला ठळक होता."

नातवानं एका गिऱ्हाईकाला काच बसवून दिली.
मग म्हाताऱ्यानं पुढचं सांगितलं, माझ्याकडं न बघता,
"तिचे भाऊ आले होते. तिघं. मी वही पुढं केली,
म्हटलं, बघा, काय लिहिलंय ते.
पाकीट तोवर चुलीत गेलं होतं.
हे तुमच्या पुस्तकात नको."

रेकॉर्डर चालू होता.
बसमध्ये, डेक्कन येईपर्यंत, तो तुकडा पुसला.
पद्धतीच्या प्रकरणात याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

तळटीप एकशे चौदा:
एका नोंदीत परत आल्याची वेळ आढळत नाही.
मॅडमनी गोल केला: "कारण?"
पुढच्या मसुद्यात मी तळटीप तशीच ठेवली.
त्यांनी माझ्याकडं थोडं जास्त वेळ पाहिलं,
पान उलटलं.

परवा पहाटे जाग आली, सहाला दहा-बारा मिनिटं उलटून गेलेली.
खाली दूधवाला कॅन आपटत होता.
प्रकरण दोनचं पहिलं वाक्य लिहिलं:
वही लिहिणाऱ्याला काय लिहायचं नाही, हे पक्कं ठाऊक होतं.
वर्षभरात पहिल्यांदा वाक्य खोडलं नाही.

काल मसुदा परत आला.
त्या वाक्याखाली बारीक रेघ, ठाम,
आणि समासात पेन्सिलनं:
"छान. संदर्भ?"